स्वर्गाचं लोकेशन पाठव ना!

आपल्याकडे पत्ता सांगायची एक खास स्टाइल आहे. ‘मारुतीच्या देवळापर्यंत या, मग कुणालाही विचारा.’ बायबलमधल्या एदेन बागेचा, म्हणजे आदम-हव्वाच्या त्या स्वर्गाचा, पत्ताही साधारण ह्याच धर्तीचा. पूर्वेकडे जा, एक नदी लागेल, तिला चार फाटे फुटतात. बस्स! पुढे कुणालाही विचारा. आणि लोक दोन हजार वर्षं विचारतच सुटलेत.

माहीत आहे का, ही बाग आजवर कुठे कुठे ‘सापडली’ आहे? इराकमध्ये. इराणमध्ये. श्रीलंकेजवळ, सेशेल्समध्ये, चीनमध्ये, अमेरिकेत (दोनदा!), उत्तर ध्रुवावर आणि समुद्राच्या तळाशीसुद्धा. एका बागेला इतके पत्ते! आधार कार्ड काही निघायचं नाही.

चला, राउंड मारू या. चपला घातल्यात ना? आदम-हव्वाकडे त्याही नव्हत्या.

दोन हजर, दोन फरार

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, चार नद्यांची नावं आहेत. पीशोन, गीहोन, हिद्दकेल, फरात. शेवटच्या दोघींना आपण शाळेत भेटलोय. हिद्दकेल म्हणजे टायग्रिस, फरात म्हणजे युफ्रेटिस. दोघी पूर्व तुर्कस्तानात उगम पावतात आणि इराकमधून समुद्राकडे जातात. पत्ता अर्धा मिळाला!

उरलेल्या दोघी मात्र नॉट रीचेबल. पीशोन म्हणे हवीला देशाला वेढा घालते, जिथे उत्तम सोनं मिळतं. गीहोन कूश देशाला वळसा घालते. ह्या नावाच्या नद्या आजच्या नकाशावर नाहीत. सगळा घोळ इथेच आहे आणि सगळी मजाही इथेच.

माहीत आहे का, पीशोन म्हणजे आपली गंगा, असं पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस लिहून गेला? आणि गीहोन म्हणजे नाईल! गंगा, नाईल, टायग्रिस, युफ्रेटिस एकाच झऱ्यातून? भूगोलाच्या बाईंनी वही खिडकीबाहेर फेकली असती. पण जुन्या पंडितांकडे उत्तर तयार होतं. नद्या बागेतून निघतात, जमिनीखालून गुपचूप जातात आणि दूरदेशी पुन्हा वर येतात. मुंबईच्या मेट्रोसारखं.

पुणेकर पोचले होते, बरं का!

टायग्रिस आणि युफ्रेटिस जिथे गळ्यात गळा घालतात, ते गाव म्हणजे दक्षिण इराकमधलं कुर्ना. बसराच्या वरच्या अंगाला. इथे एक झाड आहे, बोराच्या जातीचं. स्थानिक लोक त्याला ‘आदमचं झाड’ म्हणतात. पाटी बघून डोळ्यांपुढे हिरवीगार बाग येते. प्रत्यक्षात दिसतं ते वाळून कोळ झालेलं खोड आणि भोवती फरशी. इंस्टाग्रामला चालेल, स्वर्ग म्हणून जरा कठीणच.

आता खरा धक्का. माहीत आहे का, हे कुर्ना जिंकणाऱ्या फौजेचं नाव काय होतं? सहावी पूना डिव्हिजन! पहिलं महायुद्ध, डिसेंबर १९१४. ११० वी महरट्टा लाइट इन्फंट्री त्यात होती. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडच्या घरांतली पोरं बंदुका घेऊन थेट आदमच्या अंगणात उतरली. पुण्याच्या नावाने एदेनवर झेंडा लागला, ही गोष्ट पुणेकरांना अजून कुणी कशी सांगितली नाही, ह्याचंच नवल वाटतं.

पुढची गोष्ट मात्र हसण्याची नाही. हीच डिव्हिजन नदीने वर सरकत गेली, कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये उपाशीपोटी तिला शरण जावं लागलं. कैदेत गेलेल्यांतले हजारो घरी परतलेच नाहीत.

कुर्नाच्या आसपास पसरलीय प्रचंड दलदल. तिथले लोक लव्हाळ्यांच्या मोळ्या वाकवून, एकही खिळा न ठोकता, कमानीचा भलामोठा हॉल उभा करतात. त्याला म्हणतात ‘मुधीफ’. आपला मंडपवाला बघतच राहील! १९९० च्या दशकात सद्दाम हुसेनच्या सरकारने बांध-कालवे काढून ही दलदल सुकवली. बहुतेक सगळी संपली. २००३ मध्ये सद्दाम गेला, लोकांनी बांध फोडले, पाणी परत आलं. २०१६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. एदेनमधून बाहेर पडलेले परत आत गेल्याचं हे बहुधा एकच उदाहरण.

एक युनिव्हर्सिटी, दोन स्वर्ग

जुरिस झारिन्स. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ. ह्यांचं म्हणणं, बाग जमिनीवर शोधताच कशाला? ती पर्शियन आखाताच्या उत्तर टोकाला पाण्याखाली गेलीय!

ऐकायला फिल्मी, पण पाया भक्कम आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, आणि हे आखात इतकं उथळ की त्याचा तळ अक्षरशः कोरडा होता. मग बर्फ वितळला आणि समुद्र आत शिरला. झारिन्सनी फरार नद्याही पकडल्या. गीहोन म्हणजे इराणची कारून. आणि पीशोन? ती अरबस्तानातली सुकलेली नदी, आजचं वादी अल-बातिन. सॅटेलाइटच्या फोटोत तिचा माग दिसतो.

ह्याच सुकलेल्या पात्राचा पाठपुरावा केला बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या फारूक एल-बाझ ह्यांनी. चंद्रावर अपोलो याने कुठे उतरवायची, ते ठरवणाऱ्यांतले हेच एल-बाझ! आणि बायबलमधलं सोनं? नदीच्या वरच्या अंगाला, सौदीमध्ये, ‘महद अज-ज़हब’ नावाची खाण आहे. अर्थ ‘सोन्याचा पाळणा’. आजही तिथून सोनं निघतं. मला विचाराल तर सगळ्या उमेदवारांत आखाताच्या तळाचा हा पत्ता सगळ्यात दणकट. फक्त साइट व्हिजिटला ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन जावं लागेल.

पण थांबा. ह्याच बॉस्टन युनिव्हर्सिटीचे पहिले अध्यक्ष होते विल्यम वॉरन. त्यांनी १८८५ मध्ये जाडजूड पुस्तक लिहून जाहीर केलं की मानवजातीचा पाळणा हलला तो उत्तर ध्रुवावर! तेव्हा तिथे म्हणे हवा छान उबदार होती. एकाच विद्यापीठातून एक पत्ता वाळवंटाचा, एक बर्फाचा. हवं ते निवडा, एसी की हीटर.

हसू नका. माहीत आहे का, वॉरन ह्यांचं हे पुस्तक पुण्यात कोणी बारकाईने वाचलं होतं? लोकमान्य टिळकांनी! १९०३ मध्ये टिळकांचा ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ आला. वेदांतल्या उषेच्या आणि लांबलचक रात्रींच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं, हा त्यातला सिद्धान्त. त्यात वॉरन ह्यांचा उल्लेख आहे. सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत. पण बॉस्टनचा पाद्री-प्रोफेसर आणि केसरीचे संपादक एकाच बर्फावर भेटतात, हे दृश्य मला फार आवडतं.

नारळाने केला घात

१८८१. ब्रिटिश जनरल चार्ल्स गॉर्डन. चीनमध्ये लढलेला, सुदानमध्ये राज्य केलेला, पुढे १८८५ मध्ये खार्टूमला मारला गेलेला. तो सेशेल्सच्या प्रालँ बेटावर आला, ‘व्हॅले द मे’ नावाच्या दरीत शिरला आणि जागीच थबकला. हीच ती बाग!

कशावरून? नारळावरून!

हा साधासुधा नारळ नाही. ह्याला म्हणतात ‘कोको द मेर’. जगातल्या सगळ्या वनस्पतींत सगळ्यात जड बी ह्याची, सुमारे १८ किलोपर्यंत. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. आकार? बाईच्या कमरेखालच्या भागासारखा, अगदी हुबेहूब. नर झाडाचा तुरा कशासारखा दिसतो, ते तुम्हीच गूगल करा, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको. हे पाहून गॉर्डनसाहेबाची खात्री पटली की देवाने फळ खायला मनाई केलेलं ज्ञानाचं झाड ते हेच. आणि जीवनाचं झाड? त्यासाठी त्याने निवडलं ब्रेडफ्रूट. म्हणजे आपला नीरफणस! कोकणातल्या परसात ज्याच्या कापा तव्यावर चुरचुरतात, तो अमरत्वाचा उमेदवार.

एक शंका राहतेच. कोको द मेरचं झाड पंचवीस-तीस मीटर उंच, वर जाड सोडण, आत लाकडासारखी कवटी. हव्वाने तो तोडला कसा, सोलला कशाने? कोयता कुठून आणला?

आणि ह्या स्वर्गीय नारळाला तुमच्या आजीने हात लावलेला असायची बरीच शक्यता आहे. कशी? काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो ‘दर्याई नारळ’ म्हणजे हाच. पांढरा, हस्तिदंतासारखा टणक तुकडा. सहाणेवर चार थेंब पाणी टाकायचं, तुकडा गोल गोल फिरवायचा, दुधाळ गंध उमटतं, ते बोटाने निपटून बाळाला चाटवायचं. साधू-फकिरांच्या हातातला तो काळा चकचकीत होडीसारखा कटोरा आठवतो? तोही ह्याचाच.

गंमत म्हणजे हा नारळ हिंदी महासागरात तरंगत येई, मालदीवच्या किनाऱ्याला लागे, आणि झाड कुठे आहे ते कुणालाच माहीत नसे. समुद्राच्या तळाशी उगवतो, अशी समजूत होती. म्हणून नाव दर्याई! सेशेल्समध्ये त्याचा पत्ता लागला १७६८ मध्ये. तोवर शास्त्रीय नावात ‘मालदीव’ घुसण्याइतकी त्याची मालदीवशी ओळख पक्की झाली होती. चुकीच्या पत्त्यावर डिलिव्हरी, आणखी काय!

कोलंबसचा नाशपती

कोलंबसाला भारत सापडला नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण तिसऱ्या सफरीत त्याला स्वर्ग सापडायचाच बाकी होता, हे माहीत आहे का? १४९८ मध्ये तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. बघतो तर समुद्रात गोडं पाणी! ते होतं ओरिनोको नदीचं. इतकं गोडं पाणी आणणारी नदी स्वर्गातूनच येत असणार, असं त्याने राजा-राणीला लिहून कळवलं. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, नाशपतीसारखी आहे आणि देठाच्या उंचवट्यावर स्वर्ग आहे, हीदेखील त्याचीच आयडिया. त्याने दुसरी एक उपमाही दिली होती. हे घरात वाचलं जातं, म्हणून ती इथे देत नाही.

अमेरिकेत तर सेल लागलाय

मिसुरी! मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ ह्याच्या शिकवणीप्रमाणे बाग होती अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, जॅक्सन काउंटीत. बागेतून निघाल्यावर आदमने मुक्काम ठोकला ती जागाही त्याच राज्यात दाखवतात.

फ्लोरिडा! एल्वी कॅलवे नावाचे वकील, १९३६ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहून पडलेले. त्यांनी युक्तिवाद केला की बाग होती त्यांच्याच ब्रिस्टल गावाजवळ, अपॅलाचिकोला नदीच्या काठी. पुरावा? तिथे उगवणारं टोरेया नावाचं दुर्मिळ झाड. नोहाचं तारू ज्या गोफेर लाकडाचं होतं, ते लाकूड ह्याच झाडाचं, असा त्यांचा दावा. आजही तिथे ‘गार्डन ऑफ ईडन’ नावाची पायवाट आहे, चालायला जरूर जा.

पॅटर्न लक्षात येतोय का? ज्याला बाग सापडते, त्याला ती घराजवळच सापडते. हाँगकाँगचे त्से त्सान-ताई, ‘साउथ चायना मॉर्निंग पोस्ट’च्या संस्थापकांपैकी एक, त्यांनी १९१४ मध्ये पुस्तक लिहून बाग नेली चीनच्या शिनजियांगमध्ये. इंग्रज लेखक डेव्हिड रोल मात्र अपवाद. त्यांनी १९९८ मध्ये बाग लंडनला न आणता इराणच्या तब्रीझजवळच ठेवली. सभ्य माणूस.

आमच्या शेजारी ऐकू येतं

चौदाव्या शतकात जॉन ऑफ मारिन्योली हा इटालियन पाद्री पोपच्या वतीने पूर्वेकडे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की श्रीलंकेपासून स्वर्ग फक्त ४० मैल! इतका जवळ की तिथल्या कारंज्याचं पाणी कोसळताना ऐकू येतं म्हणे. तो स्वर्ग आजवर कुठल्याही जहाजाला धडकला नाही, हे नशीब.

श्रीलंकेतच आहे २२४३ मीटर उंच श्रीपाद शिखर, ऊर्फ ‘अ‍ॅडम्स पीक’. माथ्यावर पावलाचा ठसा. बौद्ध म्हणतात बुद्धाचा, हिंदू म्हणतात शंकराचा, मुसलमान म्हणतात आदमचा. एकच पाऊल, तीन दावेदार, आणि चढणारे सगळे एकाच पायऱ्यांवर धापा टाकतात. आपल्या रामसेतूला इंग्रजी नकाशात ‘अ‍ॅडम्स ब्रिज’ का म्हणतात, ते आता कळलं? बागेतून हाकललेला आदम श्रीलंकेत उतरला आणि ह्याच पुलाने पलीकडे गेला, अशी कथा आहे. हव्वा मात्र उतरली म्हणे अरबस्तानात, जेद्दाला. लाँग डिस्टन्स रिलेशनशिप तेव्हापासूनची!

शब्दांची भेळ

‘पॅराडाइज’ हा शब्द मूळचा जुन्या इराणी भाषेतला, ‘पइरिदएझ’. अर्थ, चारी बाजूंनी भिंत घातलेली जागा. त्यातलं ‘पइरि’ म्हणजे आपलं ‘परि’, परिसरातलं. म्हणजे स्वर्ग म्हणजे मुळात कंपाउंड! गेटेड सोसायटीवाल्यांना हे आधीच ठाऊक असणार. हाच शब्द हिब्रूत गेला आणि झाला ‘पर्देस’, म्हणजे फळबाग. आपलं पोरगं परदेसी जातं, त्यांचं संत्री तोडायला पर्देसी जातं.

‘एदेन’ म्हणजे हिब्रूत सुख, आनंद. पण सुमेरियन भाषेत ‘एदिन’ म्हणजे मोकळं मैदान. एका भाषेत आनंदवन, दुसऱ्या भाषेत माळरान.

अरबीत एदेन आणि येमेनचं एडन बंदर ही नावं अगदी सारखी लिहितात. हे एडन १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. कागदोपत्री स्वर्ग मुंबईच्या हातात! आणि त्याच एडनच्या तुरुंगात आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी गेले. त्याआधी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळालेही होते.

सफरचंदावर अन्याय

बायबलमधल्या एदेनच्या गोष्टीत सफरचंद नाही! हव्वाने खाल्लं ते नुसतं ‘फळ’ आहे. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे सफरचंद आणि ‘मालुम’ म्हणजे वाईट. उच्चारात पुसटसा फरक. बहुधा ह्या कोटीपायी बिचारं सफरचंद शतकानुशतकं आरोपीच्या पिंजऱ्यात. ज्यू धर्मपंडितांनी वेगळे संशयित उभे केले होते. द्राक्ष, अंजीर आणि चक्क गहू. पोळीमुळे स्वर्ग गेला, असं म्हटलं तर मराठी माणसाला ते पटेलही.

इंग्रज ज्याला ‘अ‍ॅडम्स अ‍ॅपल’ म्हणतात, त्याला आपण म्हणतो कंठमणी. त्यांच्या गळ्यात पाप अडकलं, आपल्या गळ्यात दागिना. वन-झीरो!

आणि जळगावकरांनो, कॉलर ताठ करा. लिनियसने केळीला शास्त्रीय नाव दिलं ‘म्यूझा पॅराडिसियाका’, स्वर्गातली केळी. ते फळ केळंच होतं, असं मानणारेही होते. लॉजिक बरोबर वाटतं. आदम-हव्वासारखी अंजिराची पानं शिवत बसण्यापेक्षा केळीचं एक पान गुंडाळलं की काम झालं.

ईडनमध्ये नाबाद

कोलकात्याचं ईडन गार्डन्स. नाव आलं ते गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडच्या घराण्यावरून, त्याचं आडनावच ईडन. १३ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या रोहित शर्माने इथे श्रीलंकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात २६४ धावा ठोकल्या. वर्ल्ड रेकॉर्ड! ४ वर असताना त्याचा झेल सुटला होता. आदमला एका चुकीत बागेबाहेर काढलं, रोहितला दुसरा चान्स मिळाला आणि तो पार शेवटच्या चेंडूपर्यंत हलला नाही. (नाबाद नव्हता, त्याच चेंडूवर आउट झाला. पण मथळा छान जमला होता.)

चार नद्यांची बाग डोळ्यांनी बघायचीय? छत्रपती संभाजीनगरची लाल डब्याची बस पकडा. बीबी का मकबऱ्याची बाग ‘चारबाग’ पद्धतीची आहे. पाण्याचे पाट, चार चौकोन, भोवती भिंत. हा आराखडा जन्नतच्या चार नद्यांशी जोडला जातो. सतराव्या शतकातली ऑफलाइन आवृत्ती.

जाता जाता शमी

सुमेरियन लोकांचाही एक स्वर्ग होता. नाव दिलमुन, जिथे आजारपण नाही, म्हातारपण नाही. हे दिलमुन म्हणजे आजचं बहारीन, असं अभ्यासक मानतात. तिथले व्यापारी थेट आपल्या लोथलपर्यंत येत असावेत. दिलमुनच्या धाटणीचा एक गोल शिक्का लोथलला सापडलाय.

त्याच बहारीनच्या वाळवंटात एक झाड एकटं उभं आहे. आजूबाजूला नुसती वाळू. वय ४०० वर्षांच्या वर, उंची जेमतेम दहा मीटर, पाणी कुठून मिळतं ह्यावर अजून डोकेफोड चालू आहे. लोक त्याला ‘जीवनवृक्ष’ म्हणतात आणि एदेनची बाग इथेच होती, असंही सांगतात.

माहीत आहे का ते झाड कुठलं? शमी! पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण जिची पूजा करतो, तीच.

बहारीनला कुणी मावसभाऊ, आतेबहीण नोकरीला असेल तर आजच मेसेज टाका. म्हणावं, शमीखाली उभा राहा आणि लोकेशन पाठव.